तोच खडक, तीच दरी : कमी पैशांतले जुने वेस्टर्न कसे पाहावेत, कसे जोखावेत

घोडेस्वार डावीकडून येतो, एका उंच खडकाला वळसा घालतो आणि धूळ उडवत उजवीकडे निघून जातो. दहा मिनिटांनी दुसरा पाठलाग सुरू होतो, आणि पुन्हा तोच खडक. शेवटच्या पाठलागातही तो आहेच. पुढच्या आठवड्यात तुम्ही दुसऱ्या नायकाचा, दुसऱ्या कंपनीचा पिक्चर लावता, तर तिथेही तोच खडक उभा.

१९३० आणि ४०च्या दशकांत हॉलिवूडच्या छोट्या कंपन्यांनी काढलेले वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या गुराखी-घोडेस्वारांचे पिक्चर, पाहायला बसलं की हे लवकरच लक्षात येतं. बरेच जण तिथेच पिक्चर बंद करतात. कुणी परीक्षण लिहिलंच तर ‘भंगार, पण करमणूक होते’ एवढ्यावर भागवतात. दुसऱ्या बाजूला काही चाहते असे, की त्यांना त्यातलं सगळंच गोड वाटतं. मला यातलं काहीच पटत नाही. हे पिक्चर कोणत्या हिशेबातून जन्माला आले ते कळलं, की त्यातली नाइलाजाची काटकसर कोणती, आळस कोणता आणि खरी कारागिरी कोणती, हे वेगवेगळं दिसायला लागतं. म्हणून आधी हिशेब.

१९२९च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतली थिएटरं रिकामी पडू लागली. प्रेक्षक परत यावा म्हणून मालकांनी एका तिकिटात दोन पिक्चर दाखवायला सुरुवात केली. पहिला मोठ्या स्टुडिओचा, मोठ्या नटांचा. दुसरा जेमतेम तासाभराचा. या दुसऱ्याला नाव पडलं ‘बी पिक्चर’. आता यातली खरी मेख भाड्यात आहे. मोठ्या पिक्चरसाठी थिएटरवाला कंपनीला गल्ल्यातली टक्केवारी द्यायचा. पिक्चर चालला तर दोघांचं भलं. बी पिक्चरचं भाडं मात्र आधीच ठरलेलं असायचं. हाउसफुल्ल झालं तरी तेवढंच आणि पावसात चार डोकी आली तरी तेवढंच.

म्हणजे पिक्चर काढणाऱ्याला आपली मिळकत शूटिंगच्या आधीच साधारण माहीत असे. जीव ओतून केला म्हणून चार पैसे जास्त मिळणार नव्हते. फारच वाईट केला तर पुढच्या वेळी थिएटरवाला घेणार नाही, एवढाच धाक. अशा धंद्यात नफा मिळतो तो फक्त खर्च वाचवून. वाचलेला प्रत्येक दिवस, वाचलेली प्रत्येक फूट फिल्म, वाचलेला प्रत्येक नट म्हणजे नफा. पडद्यावर दिसणाऱ्या निम्म्याअधिक विचित्र गोष्टींचं उत्तर या एका व्यवहारात आहे.

या छोट्या कंपन्यांची कचेऱ्या-स्टुडिओंची वस्ती हॉलिवूडमध्ये गोअर स्ट्रीट आणि सनसेट बुलेव्हार्डच्या आसपास होती. धंद्यातले लोक तिला ‘पॉव्हर्टी रो’ म्हणत, म्हणजे गरिबांची आळी. मोनोग्राम, मॅस्कट, पुढे पीआरसी ही तिथल्या जगातली नावं. कितीतरी कंपन्या दोन-चार पिक्चर काढून नाहीशा झाल्या. मोठ्या स्टुडिओंकडे स्वतःची थिएटरं आणि देशभर पसरलेली वितरणाची यंत्रणा होती. यांच्याकडे नव्हती. मग हे लोक एकेका प्रदेशाचे हक्क तिथल्या स्थानिक वितरकाला विकत. आपल्याकडच्या सिनेधंद्यात ‘टेरिटरी’ विकतात, तसाच प्रकार. गोअर आणि सनसेटच्या कोपऱ्यावर सकाळी काउबॉय पोशाखातच माणसं उभी राहत, आज कुठे काम मिळतंय का बघत. त्यातले बरेच खरोखरचे गुराखी होते. कुरणांवरचं काम कमी होत गेलं, तसे ते घोड्यावर बसण्याची विद्या विकायला शहरात आले होते. त्या कोपऱ्याला ‘गोअर गल्च’ म्हणत. पडद्यावरच्या टोळीत मागे, गर्दीत दिसणाऱ्या एखाद्या माणसाची घोड्यावरची बैठक नायकापेक्षा कितीतरी चांगली दिसते, ती म्हणूनच.

आकड्यांत बोलायचं तर १९३३ ते १९३५ या काळात नट जॉन वेनने लोन स्टार या कंपनीसाठी सोळा वेस्टर्न केले. मोनोग्रामने ते वितरित केले. एकेकाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलरच्या घरात, आणि शूटिंग आठवडाभराच्या आत संपवलेलं. १९४०च्या दशकात रिपब्लिक ही कंपनी या क्षेत्रातली सगळ्यात नीटनेटकी. तिथे सात दिवसांत, सुमारे पन्नास हजार डॉलरमध्ये होणाऱ्या पिक्चरची एक ठरलेली पायरीच होती, आणि त्याच्या वर जास्त दिवसांच्या, जास्त पैशांच्या पायऱ्या. हे रिपब्लिक प्रकरणही हिशेबातूनच उभं राहिलं. हर्बर्ट येट्सची फिल्म धुण्याची आणि प्रिंट काढण्याची लॅब होती आणि छोट्या कंपन्यांकडे तिची उधारी थकलेली होती. त्या उधारीच्या जोरावर १९३५ साली त्याने त्यातल्या काही कंपन्या एका छताखाली आणल्या.

जॉन वेनचं नाव आलंच आहे तर एक गोष्ट इथेच सांगतो. १९३०मध्ये फॉक्सने त्याला ‘द बिग ट्रेल’ या अवाढव्य पिक्चरमध्ये नायक केलं. तो ७० मिलिमीटरच्या रुंद फिल्मवरही चित्रित केला होता, पण तो दाखवायची सोय असलेली थिएटरं मोजकीच, आणि वर मंदी. पिक्चर पडला. त्यानंतर १९३९च्या ‘स्टेजकोच’ या गाजलेल्या पिक्चरपर्यंत हा माणूस बहुतेक वेळ स्वस्त पिक्चरांतच राबला. चालणं, थांबणं, शब्द सावकाश टाकणं, मारामारीत खांदा कसा वळवायचा, हे सगळं तो त्या नऊ वर्षांत शिकला. लोन स्टारचे पिक्चर ओळीने पाहिले की नट घडताना दिसतो. पहिल्या दोन-तीन पिक्चरांत हातांचं काय करावं हे त्याला कळत नाही. शेवटच्या दोन-तीनांत तो कुंपणाला नुसता टेकून उभा राहतो आणि नजर त्याच्यावर खिळते.

आता तो खडक. लॉस एंजेलिसच्या वायव्येला चॅट्सवर्थ नावाच्या भागात आयव्हरसन कुटुंबाची जमीन होती. वालुकाश्माचे चित्रविचित्र खडक, अरुंद वाटा, मध्येच सपाट मैदान. स्टुडिओंपासून इतकी जवळ की सकाळी जाऊन संध्याकाळी परतता यावं, म्हणजे शंभर माणसांच्या मुक्कामाचा आणि जेवणाचा खर्च नाही. जमीनमालकाला दिवसाचं भाडं दिलं की झालं. म्हणून सगळे तिथेच जात, आणि म्हणून खडक तोच. ग्रिफिथ पार्कमधल्या ब्रॉन्सन कॅन्यनच्या गुहाही अशाच. मुळात ती दगडाची खाण. शहराच्या इतकी जवळ, की चोरांचा गुप्त अड्डा म्हटलं की कॅमेरा तिकडेच वळायचा. पुढे आयव्हरसन रँचच्या पोटातून महामार्ग गेला, घरं झाली. काही खडक आज राखीव उद्यानात उभे आहेत.

तेव्हा परीक्षण लिहिताना ‘तोच खडक पुन्हा दिसतो’ हा दोष म्हणून नोंदवण्यात अर्थ नाही. विचारायचं ते असं: दिग्दर्शकाने त्या खडकाचं काय केलं? एकाच जागी सकाळचं आणि संध्याकाळचं ऊन वेगळं पडतं. कॅमेरा खाली ठेवला तर तीच वाट खिंड वाटते, वर नेला तर पटांगण. जोसेफ एच. लुईस नावाचा दिग्दर्शक होता. त्याला कंटाळवाण्या संवादांचे प्रसंग चित्रित करावे लागत, तेव्हा तो कॅमेऱ्यासमोर बैलगाडीसारख्या वॅगनचं चाक आणून ठेवायचा आणि आऱ्यांच्या मधून माणसं दाखवायचा. सोबत चाकांचा साठाच ठेवायचा. लोकांनी त्याचं नाव पाडलं ‘वॅगन व्हील जो’. एक लाकडी चाक, फुकटातली गोष्ट. पण पडद्यावर खोली येते, नजर गुंतते. याच माणसाने पुढे १९५०मध्ये ‘गन क्रेझी’ हा गुन्हेपट केला, जो आजही अभ्यासला जातो. मला या पिक्चरांत शोधायचं असतं ते हे चाक. कुणीतरी, मोबदला वाढणार नाही हे माहीत असताना, दृश्य बरं दिसावं म्हणून धडपडलेलं असतं.

आणखी काही खुणा सांगतो. रात्रीचा प्रसंग असेल तर जमिनीकडे पाहा. घोड्याची सावली काळी, रेखीव पडली असेल तर ते भर दुपारी चित्रित केलेलं आहे. भिंगावर लाल फिल्टर चढवला की कृष्णधवल फिल्मवर निळं आकाश काळवंडतं, प्रकाशही मुद्दाम कमी घेतला की रात्र तयार. दिव्यांचा आणि रात्रपाळीचा खर्च वाचला. कधी ही रात्र इतकी सुंदर दिसते की खऱ्या रात्रीची उणीव भासत नाही, आणि कधी फिल्टर लावायचाच विसर पडलेला असतो आणि नट टळटळीत उन्हात कंदील धरून चालत असतात. पहिलं कारागिरी, दुसरं हयगय. दोन्हींना सारखाच खर्च येतो.

पाठलागात हालचाल जराशी झटक्याची, नेहमीपेक्षा वेगाने वाटली तर कॅमेरा हळू फिरवलेला आहे. बोलपटात सेकंदाला चोवीस चौकटी. त्याऐवजी वीस-बावीस घेतल्या आणि चोवीसच्या वेगाने दाखवल्या की घोडे वाऱ्यासारखे धावतात. जरा जास्त केलं की टांगलेल्या बाहुल्यांसारखे दिसतात. बोलणं घराच्या आत आणि घोडे बाहेर, अशी विभागणी दिसली तर त्यामागे ध्वनी आहे. बोलपट नवा असताना माळरानावर आवाज टिपणं हे मोठं लचांड होतं. मग बाहेरची दृश्यं मुकी चित्रित करायची आणि टापांचा आवाज नंतर जोडायचा. १९३०च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या पुष्कळ पिक्चरांना तर पार्श्वसंगीतच नाही. पहिल्यांदा ती शांतता अंगावर येते. सवय झाली की मला ती आवडायला लागली. वारा, टापा, लगामाचा खळखळाट आणि मध्येच बंदुकीचा बार. कुठे घाबरायचं हे सांगायला व्हायोलिनं नसतात.

जुन्या फुटेजचा पुनर्वापर हा तर स्वतंत्र विषय आहे. केन मेनार्ड हा मूकपटांच्या काळातला पट्टीचा घोडेस्वार. त्याच्या त्या पिक्चरांत गुरांचे प्रचंड कळप, वॅगनांचे तांडे, जिवावर उदार होऊन केलेली घोडदौड होती. वॉर्नर ब्रदर्सकडे ते सगळं कपाटात पडून होतं. १९३२-३३मध्ये त्यांनी जॉन वेनला घेऊन सहा वेस्टर्न काढले. वेनला मेनार्डसारखे कपडे दिले, मेनार्डच्या घोड्यासारखा दिसणारा पांढरा घोडा दिला. जवळची दृश्यं वेनची, दूरची मेनार्डची. जिथे सांधा नीट बसतो तिथे साध्या पिक्चरला अचानक भव्यता येते. जिथे बसत नाही तिथे नायकाची टोपी एका क्षणात बदलते. हे सांधे ओळखायला शिकणं ही माझ्यासाठी या पिक्चरांची सगळ्यात मोठी शिकवणी ठरली, कारण संकलन म्हणजे काय हे चांगल्या पिक्चरात दिसत नाही, लपलेलं असतं. इथे टाके उघडे आहेत.

यातला सर्वांत थोर कारागीर कोण म्हणाल तर मी याकिमा कॅनटचं नाव घेईन. रोडिओचा, म्हणजे गुराख्यांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धांचा विजेता, पुढे स्टंटमन. लोन स्टारच्या पिक्चरांत तो कधी खलनायकाच्या टोळीत असतो आणि त्याच पिक्चरमध्ये नायकाच्या जागी घोड्यावरून उड्याही मारतो. पडद्यावरची हाणामारी आज आपण जशी पाहतो तिची रीत त्याने, वेनने आणि दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरीने याच स्वस्त पिक्चरांत बसवली. तोवर नट एकमेकांच्या खांद्यावर-दंडावर खरे ठोसे मारत आणि ते खोटे दिसत. यांनी कॅमेरा अशा कोनात ठेवला की ठोसा हनुवटीपासून वीतभर दूर गेला तरी लागल्यासारखा दिसावा. समोरच्याने फक्त वेळेवर मान झटकायची. आज मुंबईतल्या कुठल्याही फाइट मास्टरचं निम्मं काम याच तत्त्वावर चालतं. ‘स्टेजकोच’मध्ये धावत्या घोड्यांच्या मधून खाली पडून आख्खी घोडागाडी अंगावरून जाऊ देणारा माणूस कॅनटच. १९६७ साली त्याला मानद ऑस्कर मिळालं.

पण त्याच कॅनटच्या नावाशी जोडलेली एक गोष्ट परीक्षकाने टाळू नये. धावता घोडा पाडण्यासाठी ‘रनिंग डब्ल्यू’ नावाची तारांची रचना वापरत. घोड्याच्या पुढच्या पायांना बांधलेली तार पोटाखालच्या कडीतून जाऊन जमिनीत पुरलेल्या वजनाला अडकवलेली. तार संपली की भरधाव घोड्याचे पाय खालून ओढले जात आणि तो डोक्यावर आपटे. कितीतरी घोडे जायबंदी झाले, मेले. १९३९मध्ये फॉक्सच्या ‘जेसी जेम्स’ या मोठ्या पिक्चरसाठी कड्यावरून पाण्यात ढकललेला घोडा मेला, लोक खवळले, आणि १९४० पासून अमेरिकन ह्युमेन असोसिएशन या प्राणीरक्षण संस्थेची देखरेख सुरू झाली. त्याआधीच्या पिक्चरात घोडा एकदम पुढच्या पायांवर कोसळताना दिसला, तर मी ते दृश्य ‘थरारक’ म्हणून लिहीत नाही. काय झालं असेल ते लिहितो. पडद्यावर ज्या घोड्यांची नावं नायकासोबत झळकत, रॉय रॉजर्सचा ट्रिगर, जीन ऑट्रीचा चॅम्पियन, त्यांचं कौतुक मुलांनी केलं. मागच्या रांगेतल्या घोड्यांना नाव नव्हतं.

घोड्याला नटाचा मान देण्याची ही रीत आपल्या मुंबईतही होती. परळच्या वाडिया मूव्हीटोनमध्ये होमी वाडिया ‘हंटरवाली’ (१९३५) करत होते त्याच काळात, आणि त्यातली नायिका नादिया हिच्या ‘पंजाब का बेटा’ या घोड्याला पडद्यावर स्वतःचं नाव होतं. वाडियांचे स्टंटपटही वर्षानुवर्षं टीकाकारांच्या नजरेत हलकेच राहिले, आणि नंतर अभ्यासकांनी त्यांच्याकडे नव्याने पाहिलं. म्हणून हा विषय मला फार परका वाटत नाही.

एक पिक्चर घेऊन पाहू. ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’, १९३३, लोन स्टारचा पहिला. लांबी जेमतेम त्रेपन्न मिनिटं, म्हणजे पाच रिळं. लेखक-दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी, कॅमेऱ्यामागे आर्ची स्टाउट. गोष्ट अशी: किनकेड नावाच्या माणसाने खोऱ्यातलं पाणी ताब्यात घेतलंय. शेतकरी-गुराख्यांची पिकं आणि जनावरं तहानेने मरायला टेकलीत, आणि तो पाणी द्यायला अवाच्या सवा दर मागतो, म्हणजे लोक जमिनी विकून निघून जातील. म्हातारा डेंटन आणि त्याची मुलगी यांच्या जमिनीत तेवढी एक विहीर आहे. वेन हा सरकारने गुपचूप पाठवलेला माणूस, गाणारा बंदूकबाज सँडी. तो किनकेडला भरीस घालून त्याच्याच हातून विहिरीत सुरुंग उडवतो. किनकेडला वाटतं विहीर संपली. प्रत्यक्षात जमिनीखालचा झरा फुटतो आणि कोरड्या ओढ्यातून पाणी सगळ्यांच्या शेताकडे वाहू लागतं.

वरवर पाहिलं तर ही मुलांची गोष्ट आहे. पण त्या वेळी कॅलिफोर्नियात पाणी हा मुलांचा विषय नव्हता. लॉस एंजेलिस शहराने ओवेन्स खोऱ्यातल्या जमिनी आणि पाण्याचे हक्क विकत घेऊन १९१३ साली तिथलं पाणी कालव्याने शहरात आणलं. खोरं सुकत गेलं. १९२४च्या मे महिन्यात तिथल्या माणसांनी कालव्याला सुरुंग लावला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी अलाबामा गेट्स नावाचे दरवाजे ताब्यात घेऊन पाणी परत खोऱ्यात सोडून दिलं. १९२८च्या मार्चमध्ये याच पाणीयोजनेतलं सेंट फ्रान्सिस धरण फुटलं आणि चारशेहून जास्त माणसं गेली. पाच वर्षांनी आलेल्या या पिक्चरमधला सुरुंग आणि धावत सुटलेलं पाणी पाहताना तिथल्या प्रेक्षकाला काय काय आठवलं असेल याचा अंदाज करता येतो. पाण्यावर कुणाचा हक्क, हा प्रश्न मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नकोच. आणि अलाबामा गेट्सच्या शेजारच्याच अलाबामा हिल्समध्ये, लोन पाइन गावाजवळ, कितीतरी वेस्टर्न चित्रित झाले. ज्या खोऱ्याचं पाणी शहराने नेलं, त्याच खोऱ्याचे खडक त्याच शहरातल्या स्टुडिओंनी वापरले.

कारागिरीचं बघा. बंदूकबाजांच्या समोरासमोरच्या प्रसंगात सँडी रस्त्याच्या मधोमध, अगदी सावकाश, रक्ताच्या गोष्टी सांगणारं एक गाणं म्हणत चालत येतो. आवाज वेनचा नाही, दुसऱ्याने गायलेला आहे, आणि तो त्याच्या तोंडी बसतही नाही. हा उघड दोष. तरीही तो प्रसंग अंगावर काटा आणतो, कारण बाकी सगळं शांत आहे आणि चालणं थांबत नाही. गोळी समोरच्याच्या मनगटावर लागते, छातीवर नाही. एकाच प्रसंगात वाईट आवाज आणि उत्तम मांडणी दोन्ही आहेत, आणि परीक्षणात दोन्ही यायला हवीत. स्टाउटच्या उन्हाच्या, धुळीच्या चौकटी पाहून हा माणूस पुढे कुठे गेला हे शोधावंसं वाटतं. १९५२च्या ‘द क्वाएट मॅन’साठी त्याला विंटन हॉकसोबत छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं.

या गाणाऱ्या सँडीची कल्पना वेनला मानवली नाही. पण १९३५मध्ये रिपब्लिकने रेडिओवर गाणारा जीन ऑट्री आणला आणि गाणारा काउबॉय घराघरांत पोचला. त्याच्या पिक्चरांत घोडा आहे तसा टेलिफोन आहे, मोटार आहे, रेडिओ केंद्र आहे. नवा प्रेक्षक गोंधळतो की हा काळ कुठला. काळ त्यांचा स्वतःचाच. दुधाचा भाव पाडणारे, धरणाच्या नावाखाली जमीन लाटणारे, शेतकऱ्याला कर्जात अडकवणारे, असे खलनायक त्यात आहेत. मंदीत होरपळलेल्या खेड्यातल्या माणसाला ते ओळखीचे होते. न्यूयॉर्कच्या टीकाकारांनी हे पिक्चर क्वचितच पाहिले, कारण ते त्यांच्या रस्त्यावरच्या थिएटरात लागतच नव्हते.

जिथे सूट देऊ नये अशी जागा म्हणजे मूळ अमेरिकन माणसांचं चित्रण. त्यांच्या भूमिका बहुधा गोरे नट रंग फासून करत. लोन स्टारच्याच एका पिक्चरमध्ये कॅनट वेनचा मूळ अमेरिकन साथीदार झाला आहे, तुटक इंग्रजी बोलणारा. मेक्सिकन माणूस बहुतेक वेळा डाकू किंवा झोपाळू. यावर ‘तो काळच तसा होता’ म्हणतात, पण त्याच काळात वेगळं करणारेही होते. गायक हर्ब जेफ्रीजने १९३७ ते १९३९च्या दरम्यान संपूर्ण कृष्णवर्णीय नटसंचाचे चार वेस्टर्न केले. गोऱ्यांच्या थिएटरात ज्यांना आत घेत नसत किंवा वेगळं बसवत, त्या मुलांनाही आपल्यासारखा दिसणारा घोडेस्वार पाहायला मिळावा ही त्याची इच्छा होती. पैसा तिथे आणखी कमी आणि पिक्चर आणखी ओबडधोबड. पण जेफ्रीज पांढऱ्या टोपीत, सरळ पाठीने घोड्यावर येतो, तेव्हा पश्चिमेत काळे गुराखी मोठ्या संख्येने होते ही विसरलेली खरी गोष्ट पडद्यावर येते. पिक्चर जोखताना त्याच्या खर्चाचा विचार करावा. माणसाला माणूस म्हणून दाखवायला मात्र खर्च येत नाही.

आता एक व्यावहारिक सावधगिरी, आणि ती फार महत्त्वाची आहे. आज आपल्यासमोर येणारी प्रत बहुधा मूळ पिक्चर नसते. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात कॉपीराइट अठ्ठावीस वर्षांचा होता आणि नंतर अर्ज करून त्याचं नूतनीकरण करावं लागे. कंपन्याच बुडाल्या होत्या, अर्ज कोण करणार? त्यामुळे असे पुष्कळ पिक्चर सार्वजनिक मालकीचे झाले. फायदा असा की ते कुणालाही फुकट पाहता येतात. तोटा असा की कुणीही, कशाही प्रतीवरून, कशीही नक्कल काढली. प्रतीची प्रत, तिची प्रत. चेहरे पांढरे ढप्प, आवाज खरखरीत. १९८०च्या दशकात व्हिडिओवर आणताना वेनच्या काही पिक्चरांना नवं सिंथेसायझरचं संगीत चिकटवलं गेलं. ते ऐकून ‘संगीत विसंगत आहे’ असं लिहिणारा परीक्षक १९३४च्या पिक्चरला १९८५चा दोष लावत असतो.

लांबीही तपासा. १९५०च्या दशकात रिपब्लिकने ऑट्री आणि रॉजर्सचे पिक्चर टीव्हीला विकले, तेव्हा तासाभराच्या खाचेत जाहिरातींसह बसावेत म्हणून ते त्रेपन्न-चौपन्न मिनिटांवर छाटले. सत्तर मिनिटांच्या पिक्चरमधली पंधरा मिनिटं गेली की कथेत भगदाडं पडणारच. ऑट्रीने मात्र आपल्या पिक्चरांच्या प्रती स्वतः जपल्या आणि पुढे त्यावरून अखंड आवृत्त्या तयार झाल्या. छाटलेली आणि अखंड अशा दोन्ही एकापाठोपाठ पाहिल्या तर कळतं, की आपण ज्याला पटकथेची ढिलाई समजत होतो ती कात्रीची करामत होती.

टीव्हीनेच पुढे हा धंदा संपवला. मुलांना घरबसल्या घोडे दिसायला लागले. हॉपअलाँग कॅसिडी या काउबॉय नायकाची भूमिका करणाऱ्या विल्यम बॉयडने आपल्या त्या पिक्चरांचे हक्क आधीच विकत घेऊन ठेवले होते, तो १९४९मध्ये टीव्हीवर आला आणि गब्बर झाला. बाकीच्यांच्या मालिका एकेक करून थांबल्या. १९५४मध्ये बी वेस्टर्न जवळजवळ संपलेच.

शेवटी, हे पिक्चर जोखायला माझ्या मते सगळ्यात चांगले गुरू कोण ते सांगतो. ‘मोशन पिक्चर हेराल्ड’ नावाचं धंद्याचं साप्ताहिक होतं. त्यात एक सदर चालायचं, ‘व्हॉट द पिक्चर डिड फॉर मी’, म्हणजे या पिक्चरने माझ्या थिएटरचं काय केलं. लिहिणारे कोण, तर कॅन्सस, नेब्रास्का, टेक्सासमधल्या लहान गावांतले थिएटरमालक. पिक्चर कोणत्या तारखेला लावला, शनिवार होता की मंगळवार, प्रिंट कशी होती, आवाज कळत होता का, शेतकरी मंडळी आली का, पोरं शेवटपर्यंत बसली का, हे ते चार-पाच ओळींत लिहीत. कुणाला एखाद्या नायकाची गाणी जास्त झाली असं वाटे, कुणाला मारामारी कमी पडली. सदराचा उपयोग एकच, दुसऱ्या गावातल्या मालकाने पैसे घालण्याआधी वाचावं. त्यात फुकाची दया नाही आणि तुच्छताही नाही. शनिवारी दहा सेंट देऊन आलेल्या पोराला त्याच्या पैशांचा मोबदला मिळाला की नाही, एवढंच त्यात पाहिलेलं असतं.

या साप्ताहिकाचे जुने अंक मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीने स्कॅन करून सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. कोणत्याही बी वेस्टर्नवर लिहायला बसण्याआधी मी तो पिक्चर प्रदर्शित झाल्यानंतरच्या चार-सहा महिन्यांचे अंक उघडतो आणि त्या सदरात त्याचं नाव शोधतो. बहुतेक वेळा सापडतं. मग पिक्चर दुसऱ्यांदा लावतो, आणि पोरांचा आरडाओरडा नेमका कुठे झाला असेल ते बघत बसतो.